‘वरून आदेश आहे’ म्हणायची सोय

प्रश्न विचारणारे एका नगरपरिषदेत नगरसेवक आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने 1973 मध्ये कायदा करून प्रत्येक शहराला आणि काउंटीला (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला) राज्याच्या उद्दिष्टांत बसणारा विकास आराखडा करायला लावला, आणि तो कायदा अजून टिकून आहे. आमच्याकडे प्रादेशिक योजनेचं नाव काढलं की सरपंचापासून नगराध्यक्षापर्यंत सगळे हरकतींचे अर्ज घेऊन उभे. मग तिथल्या स्थानिक संस्थांनी आपला अधिकार जाऊ कसा दिला? त्यांना त्यात मिळालं काय? आणि आमच्यासारख्या एकट्या नगरपरिषदेला काय करता येईल?

मी आधी 6 वर्षं महाराष्ट्रात नगररचनेचं काम केलं आणि नंतर 22 वर्षं ओरेगनच्या विलामेट खोऱ्यातल्या एका काउंटीच्या नियोजन कार्यालयात. दोन्हीकडच्या लोकांची बोलणी खाल्लेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

त्यांना काय मिळालं ते आधी सांगतो. त्यांना ‘वरून आदेश आहे’ असं म्हणायची सोय मिळाली. तुम्ही हसाल, पण यात गंमत कमी आणि राज्यकारभार जास्त आहे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक सुनावणी सांगतो. सत्तरीचे एक शेतकरी आले होते. 1960 च्या दशकापासून जमीन त्यांच्या नावावर. त्यांना मुलाच्या घरासाठी 2 एकर, म्हणजे आपले 80 गुंठे, वेगळे तोडून हवे होते. मुलगा शहरात नोकरीला होता, शेतीला हात लावणार नव्हता. लावणार असता तर नातेवाइकाच्या घरासाठी वेगळी तरतूद आहे. नुसता तुकडा तोडायचा तर शेतीच्या पट्ट्यात किमान क्षेत्र 80 एकर. नियमात बसण्याचा प्रश्नच नव्हता. सुनावणीला काउंटीचा कारभार पाहणारे तीन निवडून आलेले कमिशनर बसले होते आणि अध्यक्ष त्या शेतकऱ्याच्या घरी जेवलेला माणूस. तो सगळ्यांदेखत म्हणाला, “माझ्या हातात असतं तर मी आत्ता सही केली असती. पण सेलमच्या लोकांनी आमचे हात बांधलेत.” सेलम ही तिथली राजधानी. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. शेतकरी निराश झाले, पण अध्यक्षावर नाराज होऊन गेले नाहीत.

बाहेर गाड्या लावायच्या जागेत तोच अध्यक्ष मला म्हणाला की हा कायदा नसता तर मला आज हो म्हणावं लागलं असतं. मग याच्या मागोमाग आणखी चाळीस जण. आणि पाच वर्षांनी तेच चाळीस जण येणार: रस्ता डांबरी करा, आगीचा बंब वेळेत येत नाही, शेजारचा शेतकरी औषध फवारतो त्याचा वास येतो.

त्या दिवशी मला राज्यस्तरीय नियोजनाला स्थानिक पाठिंबा म्हणजे काय ते कळलं. तो ठरावात दिसत नाही, भाषणात तर नाहीच. भाषणात राजधानीला शिव्या असतात. पाठिंबा दिसतो तो अशा ठिकाणी, जिथे माणसाला आपल्याच गावात, आपल्याच ओळखीच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं असतं आणि त्याची किंमत एकट्याने मोजायची नसते.

आता ही सोय उभी कशी राहिली ते पाहू, कारण ती आपोआप उभी राहिली नाही. पहिला प्रयत्न सपशेल फसला होता. 1969 मध्ये ओरेगनने कायदा केला की प्रत्येक शहराने आणि काउंटीने 1971 च्या अखेरपर्यंत आपल्या सगळ्या जमिनीचे झोन, म्हणजे कुठे शेती, कुठे घरं, कुठे उद्योग, ते ठरवावेत, नाहीतर गव्हर्नर ठरवतील. पैसे दिले नाहीत, माणसं दिली नाहीत, झोन कशाच्या आधारावर ठरवायचे तेही धड सांगितलं नाही. काहींनी कागद रंगवले, बऱ्याच जणांनी तेवढंही केलं नाही. गव्हर्नर टॉम मकॉल हे जमिनीच्या प्रश्नावर कितीही पेटलेले असले तरी छत्तीस काउंट्यांचे झोन आपल्या टेबलावर बसून आखणार थोडेच होते?

दुसऱ्या प्रयत्नामागे मकॉल यांच्याइतकाच हात होता हेक्टर मॅकफर्सन यांचा. हे लिन काउंटीतले दुधाचा धंदा करणारे शेतकरी, राज्याचे सिनेटर, आणि पक्षाने रिपब्लिकन. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे असा समज आहे की जमीन राखायचं वेड शहरातल्या पर्यावरणवाल्यांचं. मॅकफर्सन आधी आपल्या काउंटीच्या नियोजन मंडळावर बसले होते. शेताच्या मधोमध प्लॉटिंग झालं की काय होतं, याचा त्यांना घरचा अनुभव होता. विधिमंडळाने समितीला पैसे दिले नाहीत तेव्हा त्यांनी गव्हर्नरांच्या मदतीने स्वतःच अभ्यासगट जमवला आणि मसुदा तयार केला. मकॉल यांनी जानेवारी 1973 मध्ये विधिमंडळापुढे जे भाषण केलं त्यात तीन गोष्टींवर बोट ठेवलं: पूर्वेच्या माळरानावर पाडलेले प्लॉट, समुद्रकिनाऱ्यावर उगवलेल्या इमारती, आणि खोऱ्यातली शेती खात सुटलेली उपनगरं.

मूळ मसुदा मात्र बराच कडक होता. त्यात राज्यभर प्रादेशिक मंडळं नेमून शहरांच्या आणि काउंट्यांच्या आराखड्यांचा मेळ घालायचं काम त्यांच्याकडे द्यायचं ठरलं होतं. तो तसाच राहिला असता तर कायदा झालाच नसता. स्थानिक संस्थांना राज्याचा राग होताच, पण शेजारच्या चार काउंट्यांचे प्रतिनिधी आपल्यावर बसणार याचा राग त्याहून मोठा. हे आपल्याला नवीन नाही. भाऊबंदकीत मामलेदार चालतो, चुलता चालत नाही. मग एल. बी. डे नावाच्या कामगार पुढाऱ्याच्या अध्यक्षतेखाली उपसमिती बसली आणि तिने तडजोड काढली. प्रादेशिक मंडळं गेली, मेळ घालायचं काम काउंट्यांना मिळालं. राज्याने फक्त उद्दिष्टं ठरवायची, आराखडा स्थानिक संस्थेने करायचा आणि राज्याने तो उद्दिष्टांशी ताडून पाहायचा. 29 मे 1973 ला मकॉल यांनी सही केली. त्यानंतर नेमलेल्या सात सदस्यांच्या बिनपगारी आयोगाचे पहिले अध्यक्षही हे डेच झाले.

आयोगाने 1974 भर गावोगाव सभा घेतल्या. हजारो लोक आले, भांडले, आणि त्या डिसेंबरात पहिली 14 उद्दिष्टं मंजूर झाली. नदीकाठाचं आणि किनारपट्टीची धरून 1976 अखेर ती 19 झाली. अजून तेवढीच आहेत. पहिलंच उद्दिष्ट लोकसहभागाचं. तिसरं शेतजमिनीचं, चौथं जंगलाचं, दहावं घरांचं, चौदावं शहरांच्या वाढीचं.

पण उद्दिष्टांपेक्षा महत्त्वाची होती ती पाकिटं. कायद्याबरोबर अनुदान आलं. कितीतरी काउंट्यांनी आणि लहान शहरांनी आयुष्यातला पहिला नियोजनकार या पैशातून नेमला. मी ज्या कार्यालयात होतो तिथल्या जुन्या लोकांनी सांगितलं की त्याआधी झोनिंगचं काम इमारत परवान्याचा कारकून जेवणानंतर करायचा. 1969 आणि 1973 मधला फरक मला विचाराल तर पन्नास टक्के पैशाचा आहे. आदेशाबरोबर पगार आला की आदेश जरा कमी टोचतो. तरीही 241 शहरं आणि 36 काउंट्या यांचे सगळे आराखडे मान्य व्हायला 1986 उजाडलं. बारा-तेरा वर्षं! अधेमधे आयोगाला काहींचे परवाने रोखावे लागले, राज्याच्या करातला वाटा अडवायची भीती घालावी लागली. दंडुका आहे, पण तो वापरायची वेळ आली की समजायचं आधीचं काम नीट झालं नाही.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळं त्यात आहे. आयोग आराखडा तपासतो तेव्हा तो नकाशावर स्वतः पेन चालवत नाही. अमुक उद्दिष्टाला धरून नाही, अमुक आकड्याला आधार नाही, अशी कारणं लिहून तो परत पाठवतो. दुरुस्ती तुम्ही करायची. कोणाच्या शेताचा रंग बदलायचा हे राजधानीत ठरत नाही. आपल्याकडे नगररचना कायद्याच्या कलम 31 खाली विकास योजना मंजुरीला जाते आणि परत येते तेव्हा त्यात ईपीची, म्हणजे मंजुरीतून वगळलेल्या भागांची, यादी जोडलेली असते. नगररचनेत ज्याने काम केलंय त्याला ही दोन अक्षरं पुरेत. कुठला सर्व्हे नंबर वगळला, कुठल्या आरक्षणात काय फेरबदल झाला, का झाला, हे नगरपरिषदेला वर्तमानपत्रातल्या सूचनेवरून कळतं. मी तिथे 22 वर्षांत एकदाही असा कागद पाहिला नाही की ज्यात राज्याने एका माणसाच्या एका तुकड्याचा झोन बदलून पाठवला आहे. वाद झाला तर जमीनवापराच्या दाव्यांसाठी 1979 पासून तीन सदस्यांचं वेगळं अपील मंडळ आहे. कागदपत्रांची जुळणी झाल्यावर त्यांनी 77 दिवसांत निकाल द्यायचा असतो. मंत्र्याकडे अपील नाही.

शहरांची गोष्ट काउंट्यांहून वेगळी. शहरांना या व्यवस्थेची गोडी लवकर लागली, कारण त्यांना वेस मिळाली. मी तिला वेसच म्हणतो. तिकडे तिला नागरी वाढीची सीमा म्हणतात. प्रत्येक शहराभोवती एक रेघ: आत पुढच्या 20 वर्षांच्या घरांना आणि उद्योगांना पुरेल एवढी जमीन, बाहेर शेती आणि जंगल. शहराच्या अभियंत्याला यातून काय मिळतं? जलवाहिनी कुठवर न्यायची ते कळतं. मलनिस्सारणाचा मुख्य पाइप किती इंचांचा टाकायचा ते कळतं. वेस नसते तेव्हा बिल्डर दोन मैल पलीकडे स्वस्त जमीन घेतो, बोअर मारतो, सेप्टिक टाकी बांधतो, आणि दहा वर्षांनी रहिवासी मोर्चा घेऊन शहरात येतात. हे चित्र तुम्हाला कुठल्याही हद्दवाढीत दिसेल. राज्यातलं सगळ्यात मोठं शहर पोर्टलंड धरून त्या भागातल्या 24 शहरांची मिळून एकच वेस आहे. ती 1979 ची, आणि ती सांभाळायला लोकांनी थेट निवडून दिलेलं मेट्रो नावाचं वेगळं सरकार आहे. तो विषय स्वतंत्र आहे, त्यात शिरत नाही.

एक कारण पुस्तकी चर्चेत फारसं येत नाही. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही. कॅलिफोर्नियात शहराला दुकानांच्या विक्रीतून कराचा वाटा मिळतो, म्हणून प्रत्येक शहर मॉलसाठी शेजाऱ्याच्या अंगावर धावून जातं आणि घरांना मात्र जागा नाही म्हणतं. ओरेगनच्या शहरांना ही लालूच नाही. मालमत्ता कर आहे, पण 1990 च्या दशकात मतदारांनी त्यालाही लगाम घातला. शेजाऱ्याची वाढ म्हणजे आपलं थेट नुकसान, असं ज्या राज्यात नसतं तिथे एकत्र नियोजनाला होकार मिळवणं सोपं जातं. शेतकऱ्यांचंही तसंच. शेतीच्या राखीव पट्ट्यात जमीन असली की मालमत्ता कर शेतजमीन म्हणून होणाऱ्या किमतीवर बसतो, प्लॉटच्या भावावर बसत नाही. हा सौदा 1960 च्या दशकातच ठरला होता. 1973 च्या कायद्याने तो फक्त पक्का केला.

मात्र वेस कुठे पडायची हे लोकसंख्येच्या अंदाजावर ठरतं, आणि तिथे प्रत्येकाच्या अंगात येतं. माझ्या काउंटीत एकदा आम्ही सगळ्या शहरांचे 20 वर्षांनंतरचे आकडे एका कागदावर मांडले. बेरीज बघून आमचा संचालक म्हणाला, “एवढी माणसं आणायची तर शेजारची काउंटी रिकामी करावी लागेल.” प्रत्येक शहराला वाटतं आपण फुगणार, कारण फुगलेला आकडा म्हणजे मोठी वेस, मोठी वेस म्हणजे शहराबाहेरच्या चार जमीनमालकांचं भलं, आणि ते चार जण नेमके निवडणुकीत उपयोगी पडणारे असतात. वर्षानुवर्षं हे आकडे काउंटीने जुळवून आणायचे, म्हणजे माझ्यासारख्याने. एका लहान शहराचा महापौर दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता.

2013 मध्ये राज्याने हे काम आमच्याकडून काढलं. तेव्हापासून मेट्रोचा भाग सोडून सगळ्या शहरांचे आणि काउंट्यांचे अंदाज पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचं लोकसंख्या केंद्र काढतं. आपला अधिकार काढून घेतला म्हणून एकाही शहराने माझ्यासमोर तक्रार केली नाही. उलट सुटकेचा श्वास! महापौर आता लोकांना सांगू शकत होते की आकडा विद्यापीठाचा आहे. पुन्हा तीच सोय. राज्याने स्थानिक संस्थांकडून कुठला अधिकार घ्यावा, याची परीक्षा मला वाटतं हीच आहे: जो अधिकार वापरताना माणूस आपल्या शेजाऱ्यांपुढे खोटं बोलायला लाचार होतो, तो वर गेलेलाच बरा.

घरांच्या बाबतीत मी हे आणखी उघडपणे पाहिलं. पोर्टलंडभोवतीच्या उपनगरांना फक्त बंगले हवे होते. 1981 मध्ये आयोगाने नियम केला की नव्या घरांपैकी निम्मी तरी जोडघरं किंवा अपार्टमेंट बांधता येतील अशी तरतूद ठेवा. यामुळे बिल्डर लोक, जे एरवी अशा कायद्याच्या विरोधात असायचे, ते त्याच्या बाजूला आले. मग 2019 मध्ये विधिमंडळाने ठरवलं की 10,000 हून मोठ्या शहरांनी बंगल्याच्या प्रत्येक प्लॉटवर दोन घरांना परवानगी द्यायची, 25,000 हून मोठ्या शहरांनी तीन-चार घरांनाही. नियम बदलायला मदत दिली, नमुना नियमावली करून दिली, आणि मुदतीत बदलले नाहीत तर तीच नियमावली तुमच्यावर लागू. सभांमध्ये नगरसेवक राजधानीवर तुटून पडले. त्यातले काही नंतर मला खासगीत म्हणाले, बरं झालं, माझ्या वॉर्डात मी हे मांडलं असतं तर पुढच्या वेळी घरी बसलो असतो.

आता या सोयीचा भुर्दंड. तो मी स्वतः पाहिला आणि त्यात माझाही वाटा आहे.

कायदा रद्द करायला 1976, 1978 आणि 1982 अशा तीन वेळा मतदान झालं. तिन्ही वेळा लोकांनी कायदा राखला: अनुक्रमे 57, 61 आणि 55 टक्क्यांनी. 1982 च्या प्रचारात मकॉल कॅन्सरने खंगलेले असताना फिरले आणि पुढच्या जानेवारीत गेले. तोवर कायद्याला बोलणारा चेहरा होता. नंतर वीस वर्षं आम्ही काउंट्यांनी काय केलं? प्रत्येक नकार सेलमच्या नावावर खपवला. नकारामागचं कारण समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत. काउंटरवर आलेल्या माणसाला मी स्वतः कितीदा तरी “राज्याचा नियम आहे” एवढंच सांगून पुढचा टोकन नंबर पुकारला आहे.

2004 मध्ये मेझर 37 आलं. मेझर म्हणजे लोकांच्या थेट मतदानाला टाकलेला कायदा. नियम लागू होण्याआधीपासून जमीन तुमची असेल आणि नियमामुळे तिची किंमत घटली असेल, तर सरकारने भरपाई द्यावी, नाहीतर नियम माफ करावा. 61 टक्के मतांनी मंजूर. भरपाईला पैसे कुठल्याच काउंटीकडे नव्हते, त्यामुळे माफीच द्यायची. राज्यभरात 6,000 हून जास्त दावे आले. आमच्या टेबलावर फायलींचा ढीग, आणि त्यात एके दिवशी ते 80 गुंठेवाले शेतकरी. तोच अध्यक्ष, तीच खुर्ची. आता ‘सेलमने हात बांधलेत’ म्हणता येत नव्हतं, कारण हात मोकळे केले होते. त्याने माफीच्या कागदावर सही केली. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की ही मोकळीक त्याने कधीच मागितली नव्हती.

2007 मध्ये मेझर 49 ने यातली बहुतेक प्लॉटिंगं रोखली आणि बऱ्याच दावेदारांना एक ते तीन घरांपुरती परवानगी ठेवली. आमच्या शेतकऱ्यांना एक घर मिळालं. तोवर मुलगा शेजारच्या आयडाहो राज्यात स्थायिक झाला होता.

पूर्व ओरेगनची तक्रार वेगळी आणि बरीचशी खरी आहे. आयडाहोला लागून असलेल्या मॅल्हूर काउंटीत वाढ आवरण्याचा प्रश्नच नाही, वाढ नाही हाच प्रश्न. नदीपलीकडे घर बांधणं सोपं, म्हणून माणसं काम इकडे करतात आणि राहतात पलीकडे. विलामेट खोऱ्यासाठी शिवलेला अंगरखा त्यांना घातला गेला. राज्याने 2017 मध्ये त्या सीमाभागासाठी वेगळं मंडळ नेमलं; फार उशिरा.

फ्लोरिडाचं दोन ओळींत. तिथे 1985 मध्ये असाच कायदा झाला, तोही कडक: रस्ते-पाणी तयार असेल तरच नवी बांधकामं. हे रस्ते बांधायला पैसा लागणार म्हणून 1987 मध्ये सेवांवर विक्रीकर बसवला आणि त्याच वर्षी बोंबाबोंब होऊन तो मागे घेतला. आदेश राहिला, पैसा गेला. राज्याचा विभाग स्थानिक आराखड्यांवर आक्षेपांचे जाडजूड अहवाल पाठवत राहिला, आणि 2011 मध्ये मंदीच्या काळात तो विभागच मोडीत काढला.

आता तुमच्या नगरपरिषदेकडे येऊ. महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना कायद्यापासून ‘वर’ भरपूर आहे. प्रादेशिक योजना राज्याची, विकास योजनेची मंजुरी राज्याची, बांधकामाची नियमावलीही आता राज्याची. 2020 ची एकत्रित नियमावली (यूडीसीपीआर), मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळता, सगळ्यांना एकच आहे. आणि ‘यूडीसीपीआरमध्ये बसत नाही’ हे वाक्य तुमच्या अभियंत्याच्या तोंडी किती सहज बसलंय ते पाहा. नियमावलीच्या बाबतीत ही सोय आपल्याकडेही चालते.

झोनच्या बाबतीत चालत नाही. कारण तिथे तुम्ही ‘वरून आदेश आहे’ म्हणालात की समोरचा विचारतो, “मग वर तुमची ओळख नाही का?” आदेश वरचा असला तरी तो एकेका सर्व्हे नंबरसाठी कलम 20 किंवा 37 खाली बदलून आणता येतो, हे तालुक्यातल्या प्रत्येक एजंटला पाठ आहे. अशा आदेशाआड कोणी लपू शकत नाही. उलट नकार देणारा नगरसेवक नालायक ठरतो, कारण त्याला ‘करून आणता’ आलं नाही. मग तो प्रादेशिक योजनेला कशाला पाठिंबा देईल? त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.

गोव्यात हा धडा फार महागात शिकले. अख्ख्या राज्याची एकच प्रादेशिक योजना असलेला तो आपला शेजारी. 2006 ची अधिसूचित योजना लोकांनी रस्त्यावर येऊन 2007 च्या जानेवारीत मागे घ्यायला लावली. मग 2021 सालापर्यंतची नवी योजना करताना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्यासारखी माणसं बसली, गावागावांत नकाशे गेले, पंचायतींनी आपापल्या शेतांच्या, खाडीलगतच्या खाजन जमिनींच्या, डोंगरांच्या खुणा करून दिल्या. ओरेगनच्या 1974 च्या सभांशी याचं नातं मला दिसतं. पण ती योजना 2012 मध्ये नव्या सरकारने बासनात ठेवली, आणि पुढे 2023 मध्ये कायद्यात कलम 17(2) घालून एकेका भूखंडाचा झोन ‘नकाशातली चूक सुधारतो’ असं म्हणून बदलायची वाट काढली. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने गोव्यात त्याखालचे नियम रद्द केले. मधल्या काळात ज्या पंचायतीने मेहनतीने नकाशा रंगवला तिला काय वाटलं असेल? पुढच्या वेळी ती नकाशावर बसेल का?

तुम्ही विचारलंत की एकट्या नगरपरिषदेला काय करता येईल. कायदा तुमच्या हातात नाही, पण तीन कामं आहेत. विकास योजनेचा लोकसंख्येचा अंदाज स्वतः काढू नका. जवळच्या विद्यापीठाकडून किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून लेखी घ्या, आणि तो सभेत वाचून दाखवा. झोन बदलाच्या प्रत्येक शिफारशीला आणि प्रत्येक नकाराला दोन ओळींचं कारण ठरावात लिहायला लावा. मी काउंटरवर जे केलं नाही ते तुम्ही करा. आणि सर्वात आधी, योजनेचा इरादा जाहीर व्हायच्या कितीतरी आधी, हद्दीलगतच्या तीन-चार ग्रामपंचायतींना बोलवून पाणी कुठवर पोचेल याचा एक नकाशा एकत्र बसून काढा. वेस तिथेच पडते, रंग नंतर भरता येतात. त्या बैठकीला कन्सल्टंट नसला तरी चालेल; पाणी सोडणाऱ्या तुमच्या जुन्या वॉलमनला मात्र न चुकता बोलवा, कारण जमिनीखाली खरोखर कुठली लाइन कुठे गेली आहे ते नकाशात नसतं, त्याला पाठ असतं.